पेडण्याचा गुरुवार, पेडण्याची पुनव

गोव्याच्या नकाशावर अगदी उत्तरेकडे, शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या मध्ये, एक चिंचोळा मुलूख दिसतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सावंतवाडी-दोडामार्गाकडे चढत जाणारी डोंगराळ जमीन, आणि दोन्ही बाजूंना पाण्याच्या सीमा. हाच जुना पेडणे महाल. मांद्रे, मोरजी, हरमल, केरी ही त्याची किनाऱ्यावरची गावे. कोरगाव, पार्से, तुये, धारगळ ही आतली. आणि या सर्वांचे बाजाराचे ठिकाण म्हणजे पेडणे गाव. मांद्र्याच्या माणसाला गुरुवार उजाडला म्हणजे वार विचारावा लागत नाही. पिशव्या नि टोपल्या घेतलेली माणसे पेडण्याच्या वाटेला लागलेली दिसली की गुरुवार आहे हे कळून चुकते.

इतिहास म्हटला की आपल्याला राजांची नावे, तह आणि लढाया आठवतात. पेडण्याच्या इतिहासात त्यांचीही वाण नाही. परंतु या मुलखाचा खरा बखरकार कोण, असे विचारले, तर बोट दाखवावे लागेल ते बाजाराच्या वाराकडे आणि देवाच्या तिथीकडे. राज्ये बदलली, सीमा सरकल्या, जकातीच्या चौक्या उभ्या राहिल्या आणि मोडल्या. गुरुवार मात्र गुरुवारीच भरत राहिला, आणि आश्विनी पौर्णिमेला पेडण्याची पुनव चुकली नाही. या दोन गोष्टींचा धागा धरून गेले, म्हणजे एका लहानशा बाजारगावाने केवढा काळ पचविला आहे, याची कल्पना येते.

प्रथम बाजाराकडे वळू. उत्तर गोवा आणि त्याला लागून असलेला सावंतवाडीचा मुलूख यांमध्ये आठवड्याचे बाजार एकमेकांचा वार सांभाळून भरतात. सोमवारी साखळी आणि बांदे, मंगळवारी सावंतवाडी आणि वाळपई, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे आणि शुक्रवारी म्हापसा. ही वाटणी कोणा एका सरकारने हुकूम काढून केलेली नाही. फिरत्या व्यापाऱ्याला एका गावाहून दुसऱ्या गावी माल घेऊन जाता यावा, शेतकऱ्याला आपला नाशवंत जिन्नस आठवड्यात एकदा तरी जवळच्या ठिकाणी खपविता यावा, या गरजेतून ती बसत गेली. बुधवारी डिचोलीला दुकान मांडणारा बांगडीवाला वा कापडवाला दुसऱ्या दिवशी पेडण्याला आणि तिसऱ्या दिवशी म्हापशाला दिसतो. माल फिरतो, आणि मालाबरोबर बातमीही फिरते. कोणाच्या घरी लग्न ठरले, कोठे पाऊस पडला, कोणत्या गावच्या जत्रेला यंदा कोणते नाटक आहे, हे सारे याच वाटेने गावोगाव पोचत आले आहे.

या बाजारात येणारे जिन्नसही पेडण्याच्या भूगोलाचेच बोलके नमुने असतात. हरमलची मिरची आपल्या रंगासाठी आणि तिखटपणासाठी नावाजलेली. २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. किनाऱ्यावरून सुके मासे आणि नारळ येतात, डोंगराकडून काजू आणि रानातली फळे. आणि पूर्वी सर्वांत महत्त्वाचे होते ते मीठ. शापोऱ्याच्या काठावरील आगरवाडा या गावाचे नावच मिठागरांची साक्ष देते. किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढे, आणि परतीच्या खेपेला घाटावरचे धान्य खाली उतरे. कोकणाच्या या पट्ट्यात मिठाला केवळ चव नव्हती, किंमत होती. कारण घाटावर ते पिकत नव्हते आणि खाली भात पुरत नव्हते.

आता या बाजाराच्या आणि देवस्थानांच्या पाठीमागे जो राजकीय इतिहास उभा आहे, तो पाहिला पाहिजे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये आदिलशहाकडून बार्देश व साष्टी हे महाल मिळविले. बार्देशाची उत्तर सीमा म्हणजे शापोरा नदी. अशा रीतीने १५४३ पासून या नदीचे दोन काठ दोन राज्यांत गेले. दक्षिण काठावर लिस्बनची सत्ता आली. उत्तर काठ प्रथम आदिलशाहीत आणि पुढे सावंतवाडीकर सावंत भोसल्यांच्या ताब्यात राहिला. मांद्र्याहून निघून चोपड्याच्या तरीवर उभे राहिले, तर पलीकडे शिवोली दिसते. अंतर एका नदीचे. पण अडीचशे वर्षांच्या सुमारास त्या नदीच्या दोन बाजूंना दोन निरनिराळे काळ वाहत होते, असे म्हटले तरी चालेल.

कारण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्देशातील देवळे पाडण्यात आली, उघड पूजाअर्चेस बंदी झाली आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ज्यांना आपला धर्म सोडावयाचा नव्हता त्यांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. ही गोष्ट केवळ शापोऱ्याच्या काठची नव्हे. जुन्या गोव्याच्या चारी बाजूंना तीच घडत होती. चोडण बेटावरील देवकीकृष्ण डिचोली महालातील मये गावी आला आणि तेथून पुढे माशेलास गेला. परंतु या स्थलांतराची सर्वांत प्रसिद्ध कथा आहे ती दिवाडी बेटावरच्या सप्तकोटीश्वराची.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. बहामनी आक्रमणात चौदाव्या शतकात त्याची हानी झाली. विजयनगरचा मंत्री माधव याने त्याच शतकाच्या अखेरीस त्याची पुनःस्थापना केली. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले आणि मूळ स्थानाच्या समोरच्या काठावर, नार्वे येथे, त्याची स्थापना केली. शके १५९० मधील कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देवालयाच्या बांधकामास प्रारंभ झाला, असे तेथील शिलालेख सांगतो. अलीकडे त्या देवालयाची शास्त्रशुद्ध डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

पण येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. गोकुळाष्टमीला नदीच्या संगमावर स्नान करण्याची जी प्रथा मूळ स्थानाशी जोडलेली होती, ती देवाबरोबर पलीकडच्या काठावर आली. देऊळ पाडता येते. तिथी पाडता येत नाही. जागा बदलली, पण दिवस तोच राहिला. त्या दिवशी नार्व्याला जी जत्रा भरते तिच्यात पाण्यात उतरणारा माणूस आजही नदीच्या त्या बाजूला उभा राहून या बाजूच्या पूर्वजांचे व्रत चालवीत असतो. त्याला हे ठाऊक असो वा नसो.

डिचोलीचा प्रदेश पुढे मराठी राजकारणाचेही ठाणे झाला. १६८३ च्या सुमारास छत्रपती संभाजी महाराज पोर्तुगीजांशी लढत असता औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर हा डिचोलीस मुक्काम करून होता. तेथील नमाजगाह त्याच्याच काळातील, असे परंपरा सांगते. एकाच लहानशा गावाच्या आसपास कदंबांचे दैवत, शिवछत्रपतींचा शिलालेख आणि मोगल शाहजाद्याच्या नमाजाची जागा आढळावी, ही सीमेवरच्या मुलखाचीच खूण होय. सीमेवर सारेच येऊन थांबतात.

अठराव्या शतकात पोर्तुगीजांनी ही सीमा उत्तरेकडे ढकलण्याचा पुन्हा एकदा निकराने प्रयत्न केला. १७४६ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मेदा याने पेडणे महालातील हळर्णचा किल्ला घेतला. हा विजय लिस्बनला इतका मोठा वाटला की, त्या सरदाराला 'आलोर्नाचा मार्क्विस' हा किताब मिळाला. शापोऱ्याच्या वरच्या अंगाला रानात उभ्या असलेल्या एका कोकणी गावाचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या उमराव घराण्याला चिकटले, आणि तेथील इतिहासात ते आजही वाचावयास मिळते. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेरेखोलचा किल्लाही त्यांनी सावंतांकडून जिंकला. तथापि या मुलखावर पोर्तुगीजांचा कायमचा अंमल बसण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. १७८१ मध्ये डिचोली गेली. पुढे सावंतवाडीचे खेम सावंत कोल्हापूरकरांशी चाललेल्या युद्धात अडचणीत आले. त्यांना पोर्तुगीजांची मदत हवी होती, आणि तिच्या मोबदल्यात जानेवारी १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला.

१५४३ आणि १७८८ या दोन सनांमधील अंतर हीच पेडण्याच्या इतिहासाची किल्ली आहे. या दोनशे पंचेचाळीस वर्षांत युरोप बदलला होता. इन्क्विझिशनचा जोर ओसरला होता; १७७४ मध्ये ते एकदा बंद झाले, चार वर्षांनी पुन्हा सुरू झाले आणि अखेर १८१२ मध्ये कायमचे संपले. नव्याने मिळालेल्या मुलखांत, ज्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात त्यांत, पोर्तुगीजांनी लोकांच्या धर्माला आणि चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण स्वीकारले. म्हणून बार्देशात गावोगाव चर्चचे पांढरे मनोरे दिसतात आणि नदी ओलांडून पेडण्यात आले की देवळे, दीपमाळा आणि तुळशीवृंदावने दिसू लागतात. पुढे १८८६ मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे, महाजनांच्या हक्कांचे आणि हिशोबांचे नियम सरकारने केले व १९३३ मध्ये ते नव्याने बांधले. ज्या राजवटीने एका काठावर देवळे पाडली, तिनेच दुसऱ्या काठावर देवळांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासावयास घेतल्या, हा काळाचा महिमा.

आता खुद्द पेडणे गावात यावे. बाजाराच्या भर वस्तीतच श्रीभगवतीचे देवालय आहे. त्याच्या दाराशी दोन बाजूंना काळ्या दगडाचे दोन भव्य हत्ती उभे आहेत. आत उंच पीठावर अष्टभुजा भगवतीची उभी मूर्ती आहे. गुरुवारच्या बाजाराला आलेला माणूस भाजीची पिशवी सावरीत या हत्तींच्या मधून आत जातो, हात जोडतो आणि पुन्हा गर्दीत मिसळतो. देव आणि बाजार यांच्यात येथे भिंत नाही. गावात देशप्रभू घराण्याचा जुना वाडा आहे. अनेक चौकांचा हा वाडा म्हणजे कोकणी-मराठी वाड्याची ठेवण आणि पोर्तुगीज काळातील दिवाणखान्यांचा थाट यांचा मेळ होय. या हिंदू घराण्याला पोर्तुगालच्या राजाकडून 'पेडण्याचे व्हिस्काउंट' हा किताब मिळाला होता. नव्या काबिजादींतील सत्ता कशी चालत होती, हे समजण्यास हा वाडा एखाद्या ग्रंथाइतका उपयोगी आहे. राजा लिस्बनला, गव्हर्नर पणजीला, आणि महालाचा खरा व्यवहार मात्र याच मातीतल्या घराण्याच्या ओसरीवर चाले.

पेडण्याच्या वर्षाचा कळस म्हणजे दसरा आणि त्यापाठोपाठ येणारी कोजागिरीची पुनव. श्रीरवळनाथ आणि श्रीभूतनाथ यांची तरंगे या काळात सजतात. तरंग म्हणजे देवाचे प्रतीक असलेला उंच दांडा. त्याला एकावर एक लुगडी नेसवून घेर दिलेला असतो. ढोल-ताशांच्या गजरात ती तरंगे खांद्यावर घेतलेली माणसे निघाली, म्हणजे ती माणसे राहत नाहीत, देव चालत आहेत, अशी भावना असते. पुनवेच्या रात्री गोव्यातून आणि शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून हजारो लोक पेडण्यास जमतात. भूतबाधेने पीडलेल्यांना त्या रात्री देवासमोर आणण्याची प्रथाही जुनी आहे. आज तिच्याकडे निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले जाते. परंतु दुखण्याला दुसरा इलाज जवळपास नव्हता अशा शतकांत माणसे कशाच्या आधाराने उभी राहिली, हे समजून घेण्यासाठी तिची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

या पुनवेची एक कथा पेडण्यात सांगतात. भूतनाथाला स्वतःचे देऊळ हवे होते, आणि तेही एका रात्रीत बांधून झालेले. ते काही पुरे झाले नाही. म्हणून पुनवेच्या रात्री भूतनाथ रागावतो, रानाकडे धाव घेतो. गावकरी त्याला आडवे होतात, तुझे देऊळ बांधून देऊ अशी समजूत घालतात, आणि देव शांत होऊन माघारी फिरतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच राग, तीच धाव आणि तेच वचन. देव आणि गाव यांच्यामधला हा न मिटणारा हिशोब दर वर्षी नव्याने मांडला जातो.

दसऱ्या-पुनवेनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. कार्तिकापासून गावोगाव देवतांच्या जत्रा भरतात आणि रात्रभर दशावतारी नाटके रंगतात. पेडणे आणि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, दशावताराची नाही. तेच संकासुराचे सोंग, तोच मृदंग आणि पहाटेची तीच दहीहंडी दोन्हीकडे दिसते. पौषात बायकांचे धालो, फाल्गुनात शिगमो. जत्रेला गेलेल्या माणसाने घरी खाजे न आणणे म्हणजे जत्रेला न गेल्यासारखेच. बेसनाच्या कांड्यांवर गुळाचा पाक, आले आणि तीळ चढवून केलेल्या या खाऊलाही २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आणि भाद्रपदात चवथीच्या आधीचा बाजार. त्या दिवसांत पेडणे, डिचोली, म्हापसा येथे माटोळीचे सामान येते. सुपारीचे घड, नारळाची पेंड, तोरंजने, आंबाडे, चिबूड आणि बाजारात एरवी कधी न दिसणारी कितीतरी रानफळे. गणपतीच्या डोक्यावर टांगल्या जाणाऱ्या त्या लाकडी चौकटीसाठी रानाचे सारे भांडार बाजारात उतरते. कोणते फळ कोठल्या डोंगरात केव्हा मिळते, ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही. ती या बाजाराने जिवंत ठेवली आहे.

एवढे सांगूनही पेडण्याचे चित्र पुरे होत नाही, कारण हे गाव एकटे नाही. नदीने जे तोडले ते लोकांच्या श्रद्धेने कसे सांधले, याची एक विलक्षण कथा उत्तर गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. ती सात बहिणींची. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या देवता सख्ख्या बहिणी. आणि त्यांची आणखी एक बहीण मिराबाई ही म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण, म्हणजे चमत्कारांची माता, ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. या कथेकडे नकाशा हाती घेऊन पाहिले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. मोरजी पेडण्यात, मांद्र्याच्या शेजारी, शिरगाव, मुळगाव आणि मये डिचोलीत, म्हापसा बार्देशात. ज्या काळात हे तीन महाल वेगवेगळ्या सत्तांत आणि वेगवेगळ्या धर्मांत विभागले गेले होते, त्याच काळाच्या जखमेवर लोकांनी बहिणींच्या नात्याचे औषध लावले. बहीण दुसऱ्या घरी गेली, तिचा देव्हारा बदलला. म्हणून ती परकी झाली नाही.

ही केवळ सांगण्याची गोष्ट नव्हती. शिरगावहून लईराईकडून मिलाग्रिस सायबिणीला तेल जाई आणि म्हापशाहून लईराईला फुले येत, असे परंपरा सांगते. सायबिणीचे फेस्त इस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी असते. म्हापशाचे हे चर्च १५९४ मध्ये स्थापन झालेले. त्या दिवशी तेथे मेणबत्ती आणि तेल घेऊन येणाऱ्यांत हिंदू आणि ख्रिस्ती असा भेद करता येत नाही. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. व्रतस्थ धोंड हाती वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून येतात व पहाटेच्या सुमारास होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. हे दोन्ही उत्सव उन्हाळ्याच्या त्या दिवसांत येतात, जेव्हा घरोघरी पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. सुके मासे, मीठ, मिरची, कोकम, कडधान्ये यांची खरेदी म्हणजे 'पुरुमेंत' याच सुमारास होते. एका बाजूला पुण्य आणि दुसऱ्या बाजूला चार महिन्यांचे अन्न, दोन्ही एकाच फेरीत पदरात पडत.

म्हापशाच्या बाजाराने तर एक देऊळच सांभाळून ठेवले. बार्देशात देवळे उभारण्यास मुभा नव्हती त्या काळात तेथील हिंदू व्यापारी दुकानातच मारुतीचे चित्र लावून त्याची पूजा करीत. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत त्या जागी मारुतीचे देऊळ उभे राहिले, अशी हकीकत सांगतात. पुढे १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि सर्व धर्मांना कायद्याने समान दर्जा मिळाला, तेव्हा म्हापशाचा मारुती कितीतरी आधीच दुकानाच्या आडोशाने आपल्या जागी येऊन बसला होता.

परंतु बाजाराला नेहमीच असे यश आले नाही. दोन प्रसंगी त्याला मोठे धक्के बसले. पहिला धक्का १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराचा. या कराराने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली खरी. पण गोव्यातील मिठाचे उत्पादन आणि विक्री इंग्रजांच्या हाती गेली. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये मिळत. सरकारी खजिन्यात रक्कम पडली, आणि मिठागरे ओस पडू लागली. ज्या मालावर कोकण आणि घाट यांचा शेकडो वर्षांचा विनिमय उभा होता, तोच माल परक्याच्या परवान्याचा धनी झाला. १८९२ मध्ये करार संपला, जकातीच्या चौक्या पुन्हा आल्या. मिठाचा जुना व्यापार मात्र पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

दुसरा धक्का गोवा मुक्तीच्या लढ्यातला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकाविला. पुढील वर्षी सत्याग्रहींवर गोळीबार झाले, आणि भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली व सीमा बंद झाली. राष्ट्राच्या दृष्टीने ते पाऊल आवश्यक होते. पण पेडण्याच्या माणसासाठी त्याचा अर्थ असा झाला की, ज्या सावंतवाडीच्या मंगळवारी आणि बांद्याच्या सोमवारी त्याचे वाडवडील जात होते, ते बाजार परदेशी झाले. मामाचे घर पलीकडे आणि भाच्याचे अलीकडे राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा पणजीत तिरंगा फडकला, ही इतिहासातील मोठी घटना. पेडण्यात त्याच घटनेचे लहान रूप होते. बंद पडलेली वाट पुन्हा सुरू झाली.

इंग्लंडमध्ये वेल्सच्या सीमेवर लडलो नावाचे असेच एक जुने बाजारगाव आहे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्मन सरदारांनी सीमा राखण्यासाठी तेथे किल्ला बांधला. किल्ल्याच्या दाराशी बाजार वसला. १६८९ पर्यंत सीमेवरील प्रांतांचा कारभार त्या गावातून चाले. आज किल्ला भग्न आहे, सीमेचे भय उरलेले नाही, पण किल्ल्यासमोरच्या चौकात बाजार भरतोच. आणि १९९५ पासून तेथे अन्नपदार्थांचा वार्षिक उत्सव सुरू झाला आहे. मध्ययुगात इंग्लंडमधील बाजारही चर्चच्या आवारातच भरत. १२८५ च्या कायद्याने ते तेथून हलविण्यात आले. तेथील लोकांनी आपल्या जुन्या गावांचे दगड फार निगुतीने राखले आहेत, आणि त्यांच्यापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पण तुलना करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. लडलोला जुना दगड राखून नवा उत्सव आणावा लागला. पेडण्यात जुना उत्सवच आहे. तो आणावा लागत नाही, राखावा लागतो.

आणि ते काम सोपे राहिलेले नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि पेडण्याला स्थानक मिळाले. तालुक्यातील मोपा पठारावर विमानतळ झाला व जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. शापोऱ्यावर पूल झाले, चोपड्याची तर आठवणीत गेली. मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनाऱ्यावर देशोदेशींचे प्रवासी येतात. यांतून रोजगार आला, सोयी आल्या; ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणजे मिरचीचा मळा आणि मिठाचे आगर टिकविणे ज्याच्या हाती असते, त्याचा हात डळमळतो. मळा गेला तर मिरचीचे मानांकन कागदावर राहील. रान गेले तर माटोळी बाजारात येईल कोठून?

जत्रांपुढेही निराळे संकट आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक प्राणांस मुकले. पायी चालत येणाऱ्या काही गावांच्या मापाने घडलेल्या वाटा आज साऱ्या गोव्याचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा लोंढा पेलू शकत नाहीत. वारसा राखणे म्हणजे केवळ देवळाला रंग देणे किंवा वाड्याची कौले शाकारणे नव्हे. जत्रेला आलेला म्हातारा माणूस सुखरूप घरी परतेल अशी वाट त्याला देणे, हेही वारसा राखण्याचेच काम आहे. आणि ते सरकार, देवस्थानाचे महाजन आणि गावकरी यांनी मिळून करावयाचे आहे.

बाजारवारी अजूनही पेडण्याच्या रस्त्यावर टोपल्या मांडल्या जातात. भगवतीच्या दारचे काळे हत्ती त्या गर्दीकडे पाहत उभे असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत किती नाणी चालली आणि बाद झाली! येत्या आश्विनात पुनवेच्या रात्री तरंगे पुन्हा निघतील. भूतनाथ पुन्हा रागावेल आणि रानाकडे धाव घेईल. पेडण्याची माणसे त्याला आडवी होऊन देऊळ बांधून देण्याचे वचन देतील, आणि देव त्यांच्यावर विश्वास ठेवून माघारी येईल. तोवर ते रान मात्र जागेवर असले पाहिजे.